बंद फाटकाचा हिशेब

मंडळी, एक साधा प्रश्न विचारतो. मोटार बनली, पण विकली गेली नाही. तिचा तोटा कोणी सोसायचा? ज्याने नफ्यासाठी बनवून घेतली त्याने, असं कुणीही म्हणेल. पण मोटारीच्या कारखान्यांचा इतिहास वाचायला बसलं की दिसतं, हा तोटा सगळ्यात आधी नट आवळणाऱ्या माणसाच्या घरी जाऊन बसतो. तिथून तो थोडातरी मालकाच्या दारी नेऊन ठेवायला अमेरिकेत पंचवीस-तीस वर्षं लागली. आज त्या वर्षांविषयी बोलू.

गाव डेट्रॉइट. हेन्री फोर्डने १९१४ साली रोजाला पाच डॉलर मजुरी जाहीर केली आणि जगभर त्याचा डंका वाजला. त्याची मॉडेल टी गाडी घरोघरी पोचली. पुढे मात्र गिऱ्हाइकाला नवं हवं झालं, लोक शेवरलेकडे वळले, खप उतरला. २६ मे १९२७ रोजी दीड कोटीवी मॉडेल टी बाहेर पडली आणि फोर्डने ती गाडी बनवणंच थांबवलं. नवं मॉडेल बाजारात आलं डिसेंबरमध्ये. मधले सहा महिने हजारो माणसं घरी. पगार नाही, भत्ता नाही. सरकारी बेकारभत्ता अमेरिकेत तेव्हा नव्हताच.

यातली गोम ऐका. फोर्डचे मोठे कारखाने डिअरबॉर्न आणि हायलंड पार्कमध्ये, म्हणजे डेट्रॉइटच्या हद्दीबाहेर. कामगार मात्र बरेचसे डेट्रॉइटमध्ये राहणारे. त्यामुळे कारखान्यांचा कर एका नगरपालिकेला आणि उपाशी माणूस दुसरीच्या दारात! मदतखात्यापुढच्या रांगा डेट्रॉइटने सांभाळायच्या.

ही झाली रंगीत तालीम. खरा प्रसंग १९२९ नंतरचा. त्या वर्षी अमेरिकेत ५३ लाख मोटारी आणि ट्रक बनले होते, १९३२ मध्ये बनले जेमतेम १३ लाख. डेट्रॉइट परिसरात फोर्डच्या पगारपत्रकावर मार्च १९२९ मध्ये १ लाख २८ हजार नावं होती. ऑगस्ट १९३१ मध्ये उरली ३७ हजार. शेअर बाजार कोसळल्यावर फोर्डने मोठ्या दिमाखात रोजी सात डॉलर केली होती, पण मोटार घेणारंच कुणी नसेल तर सात डॉलर देणार कुणाला? ती मजुरीही लवकरच खाली आली. जे आत राहिले त्यांना आठवड्यातून दोन-तीन दिवस काम, आणि पट्टा असा पळवलेला की तेवढ्यात आठवड्याचं काम उरकावं. बाहेर गेलेल्यांना 'काढलं' असं कुणी म्हणत नसे. बोलावू तेव्हा या, एवढंच. या शब्दांत माणूस धड सुटत नाही आणि धड बांधलेलाही राहत नाही.

७ मार्च १९३२. हाडं गोठवणारी थंडी. तीन हजारांवर माणसं डेट्रॉइटहून फोर्डच्या रूज नदीकाठच्या कारखान्याकडे निघाली. डेट्रॉइटचे महापौर फ्रँक मर्फी यांनी मोर्चा अडवला नाही. मागण्या वाचाव्यात अशा आहेत. काम द्या, दिवस सात तासांचा करा, पट्ट्याचा वेग उतरवा, मध्ये पंधरा मिनिटांची विश्रांती दोनदा द्या, काळ्या-गोऱ्यांना सारखं काम द्या, फोर्डच्या इस्पितळात फुकट औषधोपचार करा, घरांवर जप्ती आणू नका, हिवाळ्यापुरता कोळसा द्या. यात क्रांती कुठे आहे? मला तर ही बायकोने नवऱ्याच्या हातात दिलेली यादी वाटते.

डिअरबॉर्नच्या हद्दीवर अश्रुधूर सोडला गेला. लोकांनी दगड आणि गोठलेल्या मातीची ढेकळं फेकली. फाटकाशी बंबांनी गार पाण्याचे फवारे मारले आणि मग पोलीस व फोर्डचे रखवालदार यांनी गोळ्या झाडल्या. चौघे मेले, त्यांतला एक सोळा वर्षांचा. कर्टिस विल्यम्स हा पाचवा जखमी काही महिन्यांनी गेला. तो काळा होता, म्हणून पहिल्या चौघांच्या शेजारी दफनभूमीत त्याला जागा मिळाली नाही. गोळ्या झाडल्याबद्दल कुणालाही शिक्षा झाली नाही.

पुढच्याच महिन्यात मेक्सिकन चित्रकार दिएगो रिव्हेरा डेट्रॉइटला आला. तिथल्या कलासंग्रहालयाच्या भिंतींवर त्याने सत्तावीस चित्रं रंगवली. पैसे हेन्रीचा मुलगा एडसेल फोर्ड याने दिले. मी त्यांच्या छापील प्रती पाहिल्या आहेत. पट्ट्याभोवती माणसं खांद्याला खांदा लावून राबताहेत, कुठे तसूभर जागा रिकामी नाही. आणि तो रंगवत होता त्या दिवसांत कारखान्यातली निम्म्याहून जास्त माणसं घरी बसलेली! आम्ही कविता लिहिणारेही असंच करतो. घाम दिसतो तिथे थांबतो. रिकाम्या बसलेल्या माणसाचं चित्र काढणं अवघड असतं.

लोकांनी धडा घेतला तो असा. खप चांगला असला तरी दरवर्षी मॉडेल बदलताना कारखाना काही आठवडे थांबायचाच, आणि परत कुणाला घ्यायचं हे ठरवायचा फोरमन. त्याला बाटली द्या, त्याचं घर रंगवून द्या. डिसेंबर १९३६ मध्ये फ्लिंट गावात जनरल मोटर्सचे कामगार कारखान्याच्या आतच बसून राहिले, तब्बल ४४ दिवस. तेव्हा राज्याचे गव्हर्नर होते तेच फ्रँक मर्फी. त्यांनी सैनिक पाठवले, पण कामगारांना बाहेर काढायला लावलं नाही. कंपनीने युनियन मान्य केली. पुढे ज्येष्ठतेचा नियम आला. शेवटी लागलेला आधी घरी, आणि बोलावताना जुना आधी. फोरमनची बाटली गेली.

तरी घरी बसलेल्या दिवसांचे पैसे नव्हतेच. सरकारी बेकारभत्त्याचा कायदा १९३५ चा, पण तो अपुरा. जून १९५५ मध्ये युनियनचे अध्यक्ष वॉल्टर रॉयथर यांनी फोर्डकडूनच करार मिळवला. कामाच्या दर तासामागे कंपनीने पाच सेंट एका निधीत टाकायचे. काम थांबलं की सरकारी भत्ता आणि हा निधी मिळून हातात पडणाऱ्या पगाराच्या साठ-पासष्ट टक्के, जास्तीत जास्त सव्वीस आठवडे. रूजच्या फाटकावरच्या गोळीबाराला तेव्हा तेवीस वर्षं झाली होती. म्हणूनच १९ डिसेंबर २००८ रोजी क्रायस्लरने खप आटल्यामुळे आपले तीसच्या तीस कारखाने महिनाभरासाठी बंद केले, तेव्हा तिथला कामगार निदान रिकाम्या हाताने घरी गेला नाही.

आपल्याकडे हा प्रश्न मोटारीमुळे नव्हे, कापडामुळे आला. गिरण्यांत माल साचला आणि १९५३ साली औद्योगिक विवाद कायद्यात दुरुस्ती झाली. ले-ऑफच्या दिवसांसाठी मूळ पगार आणि महागाईभत्त्याच्या निम्मी भरपाई. वर्षभर सलग नोकरी झालेल्याला ती मिळे. बदली कामगाराला आणि हंगामी रोजंदाराला नाही.

क्रायस्लरच्या महिनाभर आधी, नोव्हेंबर २००८ मध्ये, टाटा मोटर्सने ट्रकचा खप घसरल्यावर पुण्याचा कारखाना काही दिवस बंद ठेवला. 'ब्लॉक क्लोजर' हा शब्द पिंपरी-चिंचवडच्या घराघरांत तेव्हा पोचला. कायम कामगार पत्नीला निदान तारीख सांगू शकत होता, अमुक दिवशी फाटक उघडणार. भोसरीतल्या एका छोट्या शेडमध्ये सुट्या भागांचं काम करणारा माझ्या ओळखीतला एक मुलगा होता. त्याच्या मालकाने शटर ओढलं आणि म्हणाला, "ऑर्डर आली की फोन करतो."