एनएसटीच्या वेळी संगीत: मातेच्या मनाला आधार

गर्भारपणाच्या अखेरच्या तिमाहीत रक्तदाब, मधुमेह, बाळाची अपुरी वाढ किंवा दिलेली तारीख उलटून जाणे अशा कारणांमुळे प्रसूतितज्ज्ञ ‘नॉन-स्ट्रेस टेस्ट’ अर्थात एनएसटी करण्यास सांगतात. पोटावर दोन पट्टे बांधले जातात. एकाखालील यंत्र बाळाच्या हृदयाचे ठोके टिपते, तर दुसरे गर्भाशयाच्या आकुंचनाची नोंद घेते. सुई नाही, वेदना नाही. सुमारे 20 मिनिटे कुशीवर किंवा रेलून पडून राहावे लागते, इतकेच.

तरीही या 20 मिनिटांत अनेक स्त्रिया विलक्षण अस्वस्थ होतात. बाळाचे ठोके खोलीत मोठ्याने ऐकू येत असतात. बाळ वळले आणि यंत्राची जागा चुकली, की तो आवाज एकाएकी थांबतो आणि आईच्याच काळजाचा ठोका चुकतो. मिनिटाला 110 ते 160 ठोके ही सर्वसाधारण मर्यादा मानली जाते. 32 आठवड्यांनंतर 20 मिनिटांत किमान दोनदा ठोके 15 ने वाढून ती वाढ 15 सेकंद टिकली, तर तपासणी समाधानकारक ठरते. मात्र बाळ झोपलेले असल्यास तसे घडत नाही आणि तपासणी 40 मिनिटांपर्यंत लांबते. कारण साधेच असते. पण ते कोणी समजावून सांगितले नाही, तर पडून असलेल्या स्त्रीच्या मनात नको ते विचार येतात.

या काळात मंद संगीत ऐकवल्यास चिंता कमी होते का, याचा अभ्यास अनेक देशांत झाला आहे. तैवानमध्ये 236 गर्भवतींच्या अभ्यासात दोन आठवडे घरी रोज संगीत ऐकणाऱ्या गटातील ताण व चिंता घटल्याचे 2008 मध्ये प्रसिद्ध झाले. स्पेनमधील 409 प्रथम गर्भवतींच्या अभ्यासात प्रत्यक्ष एनएसटीच्या वेळीही संगीत ऐकवले गेले आणि त्या गटात चिंता कमी आढळली. अशा अभ्यासांत कोणाला संगीत मिळाले हे लपवता येत नाही, त्यामुळे निष्कर्ष जपूनच घ्यावे लागतात. संगीताने बाळ अधिक बुद्धिमान होते किंवा अमुक राग गर्भासाठी उत्तम, या दाव्यांना तर यातून मुळीच आधार मिळत नाही. येथे विषय आईच्या मनाचा आहे.

म्हणून निवडही तिचीच असावी. कोणाला अभंग रुचेल, कोणाला नाट्यपद, कोणाला जुने चित्रपटगीत. कोणाला शांतताच हवी असेल. परिचारिकेचे बोलणे ऐकू येईल इतकाच आवाज ठेवावा आणि पोटावर हेडफोन लावू नयेत. यंत्राचा आवाज कमी करावयाचा असल्यास परिचारिकेस विचारावे. आलेखावरील नोंद त्यामुळे थांबत नाही.

बाळाची हालचाल कमी जाणवू लागली असेल, तर मात्र घरी गाणी ऐकत वाट पाहू नये. त्याच दिवशी, विनाविलंब रुग्णालय गाठावे.