घर भिंतीतून सुटलं, तेव्हा कुंपण आलं

लातूर-नांदेडकडच्या जुन्या गावठाणात घराभोवती वेगळं कुंपण क्वचितच असे. गाव माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या घरांचं. जाड दगडमातीच्या भिंती, घराचं तोंड आतल्या अंगणाकडे आणि शेजाऱ्याच्या भिंतीला आपली भिंत. भिंत तीच हद्द. बाभळीच्या काट्या लागत त्या परसाला, खळ्याला. भांडण पेटे ते पन्हाळीतून शेजारच्याच्या दारात पडणाऱ्या पाण्यावरून.

अशा भांडणांचा विचार याच मुलखाच्या उंबऱ्यावर फार पूर्वी झाला आहे. निलंगा-उमरग्याच्या शेजारी बसवकल्याण आहे. ते चालुक्यांचं कल्याण. सहाव्या विक्रमादित्याच्या काळात, अकराव्या शतकाच्या अखेरीपासून बाराव्याच्या आरंभापर्यंत, तिथं विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली. तिच्यात सीमाविवादाचं स्वतंत्र प्रकरण आहे. हद्द कशी ओळखायची? झाडांवरून, वारुळावरून, बांधावरून; नाहीतर जमिनीत पुरून ठेवलेल्या कोळशावरून आणि भुशावरून. सांगायची कुणी? शेजाऱ्यांनी, म्हाताऱ्याकोताऱ्यांनी, गुराख्यांनी, कडेची जमीन कसणाऱ्यांनी. खुणाच उरल्या नसतील तर चार, आठ किंवा दहा जणांनी तांबडी वस्त्रं नेसून, डोक्यावर माती घेऊन हद्द चालत दाखवायची. खोटं बोलणाऱ्याला दंड. हाच न्याय घरांना आणि पावसाचं पाणी वाहून जाणाऱ्या वाटांनाही लावला आहे. मला यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की हद्दीचं ज्ञान शेजाऱ्याजवळ असतं असं इथं गृहीत धरलं आहे. वाद हद्दीचा, तर लगतच्यांनाच साक्षीला बोलवायचं.

पुढे मोजणीची साखळी आली. इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात विंगेट आणि गोल्डस्मिड यांनी १८३५-३६ च्या सुमारास इंदापुरापासून जी मोजणीची रीत बसवली, तिची साखळी ३३ फुटांची होती. साखळी लांब, साखळी रुंद तुकडा म्हणजे गुंठा, ४० गुंठ्यांचा एकर. निजामाच्या मुलखातही, म्हणजे इकडेही, सर्व्हे नंबर पडले, धुऱ्यांवर हद्दीचे दगड रोवले गेले. पण हे सगळं शेतापुरतं. गावठाणातली घरं पुष्कळ ठिकाणी ग्रामपंचायतीच्या नमुना नंबर आठवर, म्हणजे घरपट्टीच्या नोंदीवरच राहिली. तिथं भिंतच पुरावा होती.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात त्या भिंती कोसळल्या. सुमारे ८,००० माणसं गेली, त्यांतली कितीतरी स्वतःच्याच घराच्या दगडमातीखाली. पुढे ५२ गावं नव्या जागी वसवली. रुंद सरळ रस्ते, चौकोनी प्लॉट आणि प्लॉटवर सुटं घर. ते भूकंपात टिकावं म्हणून बांधलं होतं, आणि ते योग्यच होतं. पण आतलं अंगण गेलं. बाईमाणसाची न्हाणीची आडोशाची जागा, शेळी बांधायची जागा, चूल मांडायची जागा एकदम रस्त्यावरून दिसू लागली. मग लोकांनी आपल्या खर्चाने आडोसा उभा केला, आणि ऐपत येईल तसं वॉल कंपाउंड बांधलं. हे कुंपण शेजाऱ्याच्या संशयातून आलेलं नाही. गेलेल्या अंगणाची ती भरपाई आहे.

कंपाउंड आलं तसा नियमही लागू झाला. डिसेंबर २०२० मध्ये राज्यात आलेल्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीत कंपाउंडची भिंत समोरच्या रस्त्याच्या मध्यरेषेपासून दीड मीटर उंच चालते. २.४ मीटरपर्यंत न्यायची तर वरचा ०.९ मीटर भाग जाळीचा, आरपार दिसणारा हवा. कोपऱ्यावरच्या प्लॉटला भरीव भिंत आणखी ठेंगणी, म्हणजे वळणावर येणारी गाडी दिसते.

उंची सोपी आहे. रेघ कुठे, हे अवघड. त्यासाठी पाया खोदण्याआधी भूमि अभिलेख कार्यालयाकडे मोजणीचा अर्ज करावा. मोजणीची नोटीस लगतच्या कब्जेदारांनाही जाते. ती आल्यावर शेजारी रागाने घरात बसतो, हीच मोठी चूक. त्याने मोजणीदाराबरोबर चालावं, हरकत असेल तर जागेवरच नोंदवावी. मोजणी झाली की नकाशाची ‘क’ प्रत मिळते. मोजणीनंतरही दुसऱ्याचा ताबा सुटत नसेल तर पुढचा रस्ता बहुधा दिवाणी न्यायालयाचा, आणि तिथं तारखा वर्षानुवर्षं चालतात. म्हणून खुणा रोवताना दोन्ही घरची पोरंही उभी करावीत. उद्या ती रेघ सांगायला तीच असणार आहेत.