कौशेय, कुतप आणि रिठा

उत्सव जवळ आला म्हणजे देवस्थानातील वस्त्रांचा पेटारा उघडतो. अशा एका प्रसंगी आम्ही हजर होतो. उत्सवमूर्तीचा पीतांबर उलगडला, तो घडीच्या रेषेवरच चिरत गेला. वस्त्र काही फार जुने नव्हते. चौकशी करता कळले की, दरवर्षी ते मोठ्या श्रद्धेने धुण्याच्या सोड्यात खळबळून कडक उन्हात वाळविले जात असे. कोणते वस्त्र कशाने धुवावे याचा विचार आपल्या पूर्वजांनी किती बारकाईने केला होता, हे त्या दिवशी आम्हांस प्रकर्षाने आठवले.

मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्रव्यशुद्धीचे प्रकरण आहे. रेशमी व लोकरी वस्त्रे ऊष म्हणजे खारट मातीने, कुतप रिठ्याने, अंशुपट्ट बेलफळाने आणि क्षौम पांढऱ्या मोहरीने शुद्ध करावे, असे तेथे सांगितले आहे. याज्ञवल्क्यस्मृतीतही थोड्या फरकाने हेच आहे. तीत पाणी व गोमूत्र यांची भर आहे. कुतप म्हणजे काय, असा प्रश्न वाचकांस पडेल. कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याच्या काळी मिताक्षरा रचणाऱ्या विज्ञानेश्वराने, पहाडी बकऱ्याच्या केसांची कांबळ, असा त्याचा अर्थ दिला आहे. क्षौम हे जवसाच्या धाग्यांचे वस्त्र.

आजच्या रसायनाशी हे सारे तंतोतंत जुळते असे मात्र आम्ही म्हणणार नाही. रेशीम व लोकर हे प्राणिज तंतू असल्यामुळे तीव्र खार त्यांना खातो. मग स्मृतिकारांनी त्यांस खारट माती का सांगितली? कच्च्या रेशमावरील डिंक काढण्यास सौम्य खार लागतो, हे त्यामागचे कारण असू शकेल. रिठ्याविषयी मात्र शंकेस जागा नाही. त्याच्या सालीत फेस आणणारे जे द्रव्य आहे, ते मळ सोडविते आणि तंतूला धक्का लावीत नाही. कापूस वनस्पतिज असल्याने खार, वाफ, आपटणे हे सर्व सोसतो. म्हणूनच परिटाच्या भट्टीत धोतरे जातात आणि शालू जात नाही.

सोवळ्याच्या आचारातही हाच भेद दिसतो. सुती वस्त्र रोज धुऊन, कोणाचा स्पर्श होणार नाही असे वाळत घालावयाचे. मुकटा आणि धाबळी यांस मात्र रोजच्या धुण्याचे बंधन नाही. रेशीम मूळचेच पवित्र, असे याचे कारण घरोघर सांगितले जाते. ते खोडून काढण्याचे आम्हांस प्रयोजन नाही; परंतु या सवलतीमुळे एकेक मुकटा तीन पिढ्या टिकला, हेही खरे.

धुणाऱ्यावरही शास्त्राची नजर होती. शेवरीच्या गुळगुळीत फळीवर हळूहळू धुवावे, एकाची वस्त्रे दुसऱ्याच्या वस्त्रांत मिसळू नयेत, असे मनु सांगतो. कौटिल्य तर थेट दंडच सांगतो: लाकडी फळी वा गुळगुळीत शिळा सोडून अन्यत्र धुतल्यास वस्त्राची भरपाई आणि वर 6 पण, गिऱ्हाईकाचे वस्त्र विकल्यास, भाड्याने दिल्यास वा गहाण ठेवल्यास 12 पण. पहिल्या धुण्यात वस्त्राचे मूल्य चतुर्थांशाने व दुसऱ्यात पंचमांशाने घटते, हा त्याचा हिशेब वाचून तर आम्ही थक्क झालो. गिऱ्हाइकाचे धोतर नेसून मिरवणारा परीट त्या काळीही होता, कारण त्यासाठीही दंड आहेच!

ही घडी विस्कटली ती अलीकडे. 1888 मध्ये विलायती सनलाईट साबणाच्या पेट्या कलकत्त्याच्या बंदरात उतरल्या. 1959 मध्ये सर्फची भुकटी आली, 1969 मध्ये स्वस्त निरमा. सुती कपड्यांची त्यांनी मोठीच सोय केली, हे कोण नाकारील? पण एकच भुकटी सर्व वस्त्रांस, ही सवय त्यांच्या मागून आली आणि रिठे परसातच पडून राहिले.

देवस्थानच्या जुन्या रेशमाला पाणी शक्यतो लावूच नये. नवे व पक्क्या रंगाचे असेल तर रिठ्याच्या गाळलेल्या, गार पाण्यात बुडवून काढावे. पिळू नये, टॉवेलात दाबून सावलीत पसरावे. जरीवर चिंच वा लिंबू घासू नये. ती तांब्याची घागर नव्हे, तिच्यावरचा सोन्याचा मुलामा निघून जातो. पेटाऱ्यात जुन्या धुतलेल्या मलमलीत गुंडाळून ठेवावे, वेखंडाची पुरचुंडी कोपऱ्यात असावी. कोकण-गोव्याच्या पावसाळ्यानंतर, आश्विनात कोरडी हवा पडली की, सर्व वस्त्रे बाहेर काढून सावलीत वारा द्यावा आणि परत ठेवताना घडी जुन्या रेषेवर न घालता दुसरीकडे घालावी.