दिवसभराचा तास

शाळेत आठ-दहा वर्षे एखादी भाषा शिकूनही ती बोलता येत नाही, ही तक्रार आपल्याकडे घरोघरी ऐकू येते. दोष कधी शिक्षकाला दिला जातो, कधी पुस्तकाला, तर कधी मुलाच्या डोक्याला. वेळेचा हिशेब मात्र सहसा कुणी मांडत नाही. तो आपण मांडून पाहू. रोज ३५ मिनिटांची एक तासिका आणि वर्षाचे २०० दिवस धरले, तर वर्षाला जेमतेम ११७ तास भरतात. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची स्वतःची भाषाशाळा आहे. इंग्रजी मातृभाषा असणाऱ्याला कामापुरती हिंदी किंवा उर्दू येण्यासाठी तिथे सुमारे ११०० तासांचे अध्यापन धरतात. अरबी, चिनी आणि जपानीसाठी तर २२०० तास. आपल्या तासिकेच्या मापाने २२०० तास पुरे व्हायला एकोणीस वर्षे लागतील. तोवर शिकणाऱ्याची मुले शाळेत जाऊ लागतील!

मग उपाय सोपा दिसतो, तासिका लांबवावी. दीड तासाची करावी, तीन तासांची करावी, नाहीतर सगळा दिवसच एका भाषेला द्यावा. पण नुसता वेळ वाढवल्याने भाषा येते का? या प्रश्नाचे उत्तर इतिहासात आहे, आणि ते एका अवघड काळात, अवघड परिस्थितीतल्या माणसांनी दिलेले आहे. म्हणून ती हकिकत येथे मांडावी असे आम्हाला वाटते.

१ नोव्हेंबर १९४१ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या लष्करी तळावर, विमाने ठेवण्याच्या एका जुन्या कोठारात, अमेरिकन सैन्याने जपानी भाषेची एक गुप्त शाळा सुरू केली. जपानशी युद्ध होणार हे दिसू लागले होते आणि सैन्यात जपानी जाणणारे अधिकारी बोटांवर मोजण्याइतके होते. शिक्षक चार, विद्यार्थी साठ. त्या साठांपैकी ५८ जण जपानी वंशाचे अमेरिकन नागरिक होते. त्यांचे आईवडील जपानमधून आलेले. ते स्वतः अमेरिकेत जन्मलेले. अशा दुसऱ्या पिढीला ‘निसेई’ म्हणतात. सामानाची इतकी टंचाई की सुरुवातीला संत्र्यांची खोकी उलटी करून त्यांच्यावर बसावे लागे, असे सांगतात. शाळेचे मुख्य अध्यापक जॉन आयसो हे हार्वर्डचे कायद्याचे पदवीधर होते आणि जपानमध्येही शिकून आले होते. सैन्याने मात्र या माणसाला साधा शिपाई म्हणून वाहनविभागात टाकले होते!

शाळा सुरू करण्यापूर्वी सैन्याने सुमारे ३७०० निसेई सैनिकांची परीक्षा घेतली होती. समज असा होता की चेहरा जपानी, आडनाव जपानी, घरचे जेवण जपानी, तेव्हा भाषा येणारच. निकाल काय लागला? उत्तम जपानी येणारे फक्त ३ टक्के. बऱ्यापैकी येणारे सुमारे ४ टक्के. आणखी ३ टक्के असे, की पुष्कळ दिवस शिकवले तर कामाला येतील. बाकीच्यांना घरात आईशी बोलण्यापुरते चार शब्द येत होते, लिहिणे-वाचणे जवळजवळ नाहीच. भाषा रक्तातून येत नाही, ती कानाने, जिभेने आणि हाताने कमवावी लागते, हा या इतिहासातला पहिला धडा. मराठी मुसलमानाला तो वेगळा समजावून सांगावा लागत नाही. नाव ऐकून आपली भाषा परस्पर ठरवून टाकणारे लोक आपल्याला नित्य भेटतात.

आता या शाळेचा दिवस कसा होता ते पाहू. सकाळी आठला वर्ग सुरू होत आणि जेवणाची सुटी सोडली तर दुपारी साडेचारपर्यंत चालत. संध्याकाळी सात ते नऊ पुन्हा वर्गात बसून देखरेखीखाली अभ्यास. शनिवारी सकाळी परीक्षा. रात्री दहाला दिवे मालवले जात. मग मुले शौचालयात जाऊन बसत, कारण तिथला दिवा चालू असे. त्या उजेडात ती चित्रलिपीची अक्षरे घोकत. एरवी वर्षानुवर्षे लागणारे शिक्षण त्यांना सहा महिन्यांत पुरे करायचे होते.

परंतु ‘दिवसभर जपानी’ याचा अर्थ दिवसभर एकच पुस्तक किंवा दिवसभर व्याख्यान असा नव्हता. दिवसाचे तुकडे पाडलेले होते. एक तास वाचनाचा, एक संभाषणाचा, एक भाषांतराचा. एक तास कोशात अक्षर शोधण्याचा, कारण चित्रलिपीत शब्द शोधणे हीच एक विद्या आहे. एक तास ‘सोशो’चा, म्हणजे हाताने भराभर लिहिलेल्या वळणदार अक्षराचा. आपल्याकडे मोडीचा कागद समोर आला की बाळबोध वाचणारा जसा अडतो, तसा छापील जपानी वाचणारा सोशोपुढे अडतो. शिवाय लष्करी शब्द, नकाशे आणि कैद्याची चौकशी कशी करावी याचा सराव. विद्यार्थ्यांची विभागणीही वयावर किंवा हुद्द्यावर नव्हती, भाषा किती येते यावर होती. ज्याला कमी येते त्याला पुढच्यांच्या मागे फरफटत नेले जात नव्हते, आणि ज्याला जास्त येते त्याचा वेळ अक्षरे गिरवण्यात जात नव्हता. आमच्या मते त्या लांब दिवसाचे बळ या विभागणीत होते.

शाळा सुरू होऊन पाच आठवडे झाले आणि ७ डिसेंबरला पर्ल हार्बरवर हल्ला झाला. १९ फेब्रुवारी १९४२ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी तो कुप्रसिद्ध आदेश काढला. त्यानुसार पश्चिम किनाऱ्यावरील सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना घरदार, दुकान, शेती सोडून काटेरी तारांच्या छावण्यांत जावे लागले. त्यांतले बहुसंख्य अमेरिकेचे जन्मजात नागरिक होते. खटला नाही, आरोप नाही. वंश हाच पुरावा. आणि त्याच वेळी त्याच देशाचे सैन्य त्यांच्या मुलांना सांगत होते की आम्हाला तुमच्या बापाची भाषा हवी आहे.

शाळेतले शिक्षक आणि विद्यार्थीही जपानी वंशाचेच, म्हणून शाळेलाही कॅलिफोर्निया सोडावा लागला. इतर राज्ये तिला घ्यायला तयार नव्हती. मिनेसोटा राज्याने जागा दिली आणि जून १९४२ मध्ये कॅम्प सॅव्हेज येथे लाकडी ओंडक्यांच्या झोपड्यांत शाळा पुन्हा भरली. विद्यार्थी आता सुमारे २०० झाले. त्या वर्षाच्या अखेरीस सैन्याचे अधिकारी नवे विद्यार्थी शोधत थेट छावण्यांत गेले. तारेच्या आत आईबापांना ठेवून मुलगा बाहेर पडे, सैनिकाचा गणवेश चढवी आणि दिवसाचे नऊ तास त्यांचीच भाषा शिके. सुटी मिळाली की त्याच गणवेशात छावणीच्या फाटकाशी उभा राहून आईला भेटण्याची परवानगी मागे.

यात आणखी एक विसंगती होती. अमेरिकेत जन्मून काही वर्षे जपानमध्ये शिकून आलेल्यांना ‘किबेई’ म्हणत. सरकारचा सर्वांत जास्त संशय त्यांच्यावर होता. आणि शाळेला सर्वांत जास्त गरजही त्यांचीच होती, कारण जपानी खऱ्या अर्थाने त्यांनाच येत होती. ज्या ज्ञानामुळे माणूस संशयित ठरला, त्याच ज्ञानामुळे तो उस्ताद झाला. युद्ध संपून शाळा कॅलिफोर्नियात परत येईपर्यंत तिने सुमारे ६००० भाषातज्ज्ञ तयार केले. ते पॅसिफिकच्या बेटांवर, ब्रह्मदेशच्या जंगलात आणि खुद्द आपल्या दिल्लीतल्या युद्धकार्यालयातही काम करत होते. अनेक वर्षे बहुतेकांना अधिकारपद मिळाले नाही. त्यांच्यापेक्षा कमी जपानी येणारे गोरे सहकारी मात्र अधिकारी होते.

नौदलाची वेगळी शाळा कोलोराडो राज्यात बोल्डर येथे होती. तिथे विद्यार्थी म्हणून निसेईंना प्रवेश नव्हता, पण शिक्षक बहुतांशी जपानी वंशाचेच होते आणि त्यांतले कित्येक छावण्यांतून आलेले होते. या शाळेची पद्धत ध्यानात घेण्याजोगी आहे. वर्गात पाच-सहा विद्यार्थी. आठवड्याला वर्ग फक्त १४ तास, मात्र त्यांच्या तयारीसाठी पन्नासेक तास. म्हणजे शिक्षकासमोरचा एकेक तास बोलण्यासाठी राखलेला, पाठांतर आणि लिहिणे बाहेर. सैन्याच्या शाळेपेक्षा वेळेची मांडणी निराळी, तत्त्व तेच. वर्गात शिक्षकाने किती बोलावे यापेक्षा विद्यार्थ्याने किती बोलावे याचा विचार आधी.

याच नौदल शाळेतून डोनाल्ड कीन बाहेर पडले. पूर्वी जपानीची थोडीफार ओळख असलेला हा तरुण अकरा महिन्यांच्या शिक्षणानंतर मृत जपानी सैनिकांच्या रोजनिशा वाचू शकत होता. त्या वळणदार हस्ताक्षरात लिहिलेल्या, कधी रक्ताचा वास येणाऱ्या असत. काहींच्या शेवटच्या पानावर इंग्रजीत विनंती असे, की ही वही युद्धानंतर माझ्या घरी पोचवावी. कीन यांनी आठवणींत सांगितले आहे की आपल्याला प्रथम भेटलेले जपानी लोक हेच होते. त्या वह्या पोचवाव्यात म्हणून त्यांनी त्या लपवून ठेवल्या, पण त्या जप्त झाल्या. शत्रूला ओळखण्यासाठी शिकवलेली भाषा माणूस ओळखण्याच्या कामी आली. पुढे कीन जपानी साहित्याचे जगन्मान्य अभ्यासक झाले, २०१२ मध्ये त्यांनी जपानचे नागरिकत्व घेतले आणि २०१९ मध्ये तिथेच त्यांचा अंत झाला. त्याच शाळेचे एडवर्ड साइडनस्टिकर यांनी कावाबातांच्या कादंबऱ्या इंग्रजीत नेल्या. १९६८ चे नोबेल पारितोषिक कावाबातांना मिळाले, त्यामागे या भाषांतरांचा मोठा वाटा होता.

१९४३ मध्ये अमेरिकन सैन्याने हीच कल्पना ५५ विद्यापीठांत राबवली. ती भाषा जन्मापासून बोलणारा एक माणूस, त्याच्या जोडीला एक भाषाशास्त्रज्ञ आणि समोर दहाच्या आसपास सैनिक. आठवड्याला सुमारे १५ तास नुसता बोलण्याचा सराव. या धामधुमीत हिंदुस्थानीही शिकवली गेली आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे हेन्री होनिग्सवाल्ड यांचे बोलीभाषेवर भर देणारे हिंदुस्थानीचे पुस्तक त्यातूनच आले. १९४४ च्या आरंभी आघाडीवर माणसे कमी पडू लागली आणि ही योजना आटोपती घ्यावी लागली. पण एक गोष्ट सिद्ध झाली होती. भाषा ही आधी बोलण्याची गोष्ट आहे आणि थोड्या काळात खूप तास दिले तर ती जिभेवर बसते.

मात्र यश मिळाले की लोक त्यातले सोपे तेवढे उचलतात. १९९० च्या दशकात अमेरिकेतील अनेक माध्यमिक शाळांनी ५० मिनिटांच्या तासिका मोडून ९० मिनिटांच्या केल्या. शाळा घड्याळाच्या कैदी झाल्या आहेत, असा सूर १९९४ च्या एका सरकारी अहवालाने लावला होता. भाषाशिक्षकांना सुरुवातीला आनंद झाला. मग अडचणी दिसू लागल्या. ज्याने पूर्वीचाच व्याकरणाचा पाठ ताणून ९० मिनिटे चालवला, त्याच्या वर्गात मुले अर्ध्या तासानंतर पेंगू लागली. ज्याने तोच वेळ ऐकणे, दोघादोघांनी बोलणे, वाचणे, लिहिणे, मग उठून एखादा प्रसंग उभा करणे अशा चार-पाच कामांत वाटला, त्याचा तास अपुरा पडू लागला. दुसरी अडचण याहून मोठी. काही शाळांत दीड तासाची फ्रेंच एका सत्रात संपे आणि पुढची पायरी थेट पुढच्या वर्षी येई. मध्ये कित्येक महिने कोरडे. तेवढ्यात मुले निम्मे विसरून येत. वेळ लांब हवा, पण सलगही हवा. भाषा ही रोज पाणी मागणारी रोपटी आहे, एकदाच टाकी ओतून भागत नाही.

आपल्याकडे या विचाराचे एक चांगले उदाहरण पुण्यातच आहे. १९६९ मध्ये म्हैसूरला भारतीय भाषा संस्थान स्थापन झाले आणि पुढच्या वर्षी पुण्यासह काही ठिकाणी त्याची प्रादेशिक केंद्रे सुरू झाली. परप्रांतांतले शाळाशिक्षक दहा महिने तिथे राहून एकच भाषा शिकायचे, दिवसभर तीच. मराठी न येणारा हिंदी प्रांतातला शिक्षक वर्षाअखेर मराठी वाचू-बोलू लागे. कारण भाषा वर्गात होती तशीच ती मंडईत, बसमध्ये आणि खानावळीतही होती.

प्रत्येक शाळेला असा सगळा दिवस देता येणार नाही, हे आम्ही जाणतो. पण आठवड्यातल्या सहा सुट्या तासिकांपैकी चार जोडून दोन मोठ्या करता येतात. त्यांत मुलांना बोलते करता येते, आणि उरलेल्या दोन लहान तासिकांमुळे सलगताही टिकते. यासाठी पैसा लागत नाही. तासाची आखणी करणारा शिक्षक मात्र लागतो आणि त्याच्यावर विश्वास टाकणारी शाळा लागते.

त्या निसेई सैनिकांचे काम गुप्त असल्यामुळे १९७० च्या दशकापर्यंत त्यांना ते घरातही सांगता आले नाही. छावण्यांबद्दल अमेरिकेने १९८८ मध्ये कायदा करून माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर्स दिले. भाषातज्ज्ञांच्या तुकडीचा सरकारी गौरव झाला तो २००० साली. तोवर बहुतेक उस्ताद या जगातून गेले होते. त्यांनी ज्या देशाला आपली भाषा शिकवली, त्याला त्यांची वफादारी ओळखायला जवळजवळ साठ वर्षे लागली. भाषा मात्र त्यांनी सहा महिन्यांत शिकवली होती.