विधानसभेची मुदत आणि धरणगावचे आमदार

राज्यघटनेच्या अनुच्छेद १७२ नुसार विधानसभेची मुदत पाच वर्षांची असते. ती मतदानाच्या दिवसापासून नव्हे, तर सभागृहाच्या पहिल्या बैठकीपासून मोजली जाते. मात्र ही मुदत अटळ नाही. आणीबाणीच्या काळातील मुदतवाढीमुळे १९७२ ची विधानसभा १९७८ पर्यंत चालली. १९७८ ची विधानसभा १९८० मध्येच बरखास्त झाली.

मतदारसंघांच्या फेररचनेनंतर धरणगाव तालुका जळगाव ग्रामीण मतदारसंघात आला. येथून २००९ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेसचे गुलाबराव देवकर निवडून आले. एरंडोलमधून १९९९ व २००४ मध्ये विजयी झालेले शिवसेनेचे गुलाबराव पाटील तेव्हा पराभूत झाले. त्यानंतर २०१४, २०१९ आणि २०२४ मध्ये पाटील विजयी झाले.

जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली व पाटील एकनाथ शिंदे यांच्यासोबत गेले. आमदाराला परत बोलावण्याची तरतूद घटनेत नाही. त्यामुळे या निर्णयावर कौल देण्यासाठी धरणगावच्या मतदारांना २० नोव्हेंबर २०२४ च्या मतदानापर्यंत थांबावे लागले. त्यांनी पाटील यांनाच पुन्हा निवडून दिले.

पंधराव्या विधानसभेची पहिली बैठक ७ डिसेंबर २०२४ रोजी झाली. ती मुदतीपूर्वी बरखास्त न झाल्यास मतदारांना पुढील कौल २०२९ मध्ये देता येईल.