एसटीतून जाणारा डबा

आमच्या गावची शाळा सातवीपर्यंतच. आठवीला थोरला भाऊ तालुक्याला खोली घेऊन राहू लागला, तेव्हापासून आईचा दिवस पहाटे साडेचारला उगवे. सहाच्या एसटीला डबा द्यायचा असे. भाकरी, कोरड्यास, शेंगदाण्याची चटणी. झाकणावर खिळ्याने कोरलेलं भावाचं नाव. कंडक्टर डबा स्टँडवर उतरवी, रिकामा संध्याकाळच्या गाडीने परत येई.

१ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. पुढे ती खेडोपाडी पोचली आणि आयांचे डबे वाहू लागली. त्याआधी पुण्यात कित्येक मुलं माधुकरी मागून, वार लावून शिकली. साताऱ्यात १९२४ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी वसतिगृह काढलं. तिथे सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत, राबून शिकत.

रिकाम्या डब्यात कधी चिठ्ठी असे. एकदा भावाने लिहिलं, ‘उद्यापासून भात मीच शिजवतो.’ आई दिवसभर गप्प होती. दुसऱ्या पहाटे तिने डब्यात तांदूळ भरले. लेकराला मोठं होऊ देणं म्हणजे काय, ते मी त्या तांदळांवरून शिकले.