गाडी उकळते तेव्हा

मे महिन्यातली दुपार. वर्सोव्याचा नवा पूल २०२३ साली खुला झाला, त्याच्या काही वर्षं आधीची गोष्ट. राजोडीहून अम्मीला मुंबईच्या दवाखान्यात तपासणीसाठी नेत होतो. महामार्गावर खाडीच्या अलीकडे गाड्यांची रांग लागली होती. तोवर एसी छान गार होता. गाडी उभी राहिली तशी हवा कोमट झाली. थोड्याच वेळात उष्णतेचा काटा लाल रेघेला भिडला, बॉनेटच्या फटीतून वाफ निघू लागली. गाडी कडेला घेऊन बंद केली, बॉनेट उघडलं आणि रेडिएटरच्या झाकणाकडे हात नेला. मागून अम्मी ओरडली, "हात लावू नकोस! अब्बांचा हात आठव."

मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. यंत्राचं माझं शिक्षण अब्बांच्या टॅक्सीत झालं. त्यांच्या त्या हाताची गोष्ट सांगायची तर मोटारीच्या जन्मापासून सुरुवात करावी लागते.

इंजिनात जळणाऱ्या पेट्रोलच्या ऊर्जेतला थोडाच हिस्सा चाकांपर्यंत पोचतो. बाकीची बहुतेक उष्णता बाहेर टाकावी लागते. कार्ल बेंझ यांच्या १८८६ च्या तीनचाकी गाडीत पाणी उकळून उडून जाणं हाच गारव्याचा मार्ग होता. १८८८ साली त्यांची पत्नी बर्था मुलांना घेऊन त्या गाडीतून शंभरावर किलोमीटर दूर, आपल्या आईकडे गेली, तेव्हा वाटेत पुन्हा पुन्हा पाणी भरावं लागलं. पुढे विल्हेल्म मायबाख यांनी १९०० च्या सुमारास मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर केला. त्यात ८,०७० बारीक नळ्या होत्या. नळ्यांतून वारा जायचा, भोवतीचं पाणी निवायचं आणि तेच पुन्हा इंजिनात यायचं. त्यामागे एक पंखाही बसवला होता. गाडी धावते तेव्हा वारा आपोआप मिळतो. ती रेंगाळली की तो पंख्याने ओढायचा, हे सूत्र तेव्हापासून आजतागायत कायम आहे.

आपल्याकडे सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट बाहेर पडू लागली. तीच सत्तरच्या दशकात पद्मिनी झाली आणि काळी-पिवळी होऊन मुंबईभर धावली. अब्बांचीही तीच. तिच्यात पंखा, पाण्याचा पंप आणि वीज बनवणारं यंत्र एकाच फॅन बेल्टवर चालायचं. बेल्ट तुटला की चार्जिंगचा लाल दिवा लागायचा आणि पाठोपाठ काटा चढायचा. दुखणं आधी सांगून यायचं.

तरीही घाटात तिची परीक्षा असायची. चढावर इंजिनाला जोर जास्त आणि समोरून वारा कमी. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर बोरघाटात बॉनेट उघडून, पाण्याचा डबा घेऊन बसलेले ड्रायव्हर हे नेहमीचंच दृश्य होतं. शिंगरोबाच्या देवळाशी नाणं टाकल्याशिवाय पुढे न जाणारेही पुष्कळ. तिथेच एकदा अब्बांची गाडी उकळली. प्रवाशांना घाई होती. अब्बांनी फडकं धरून झाकण फिरवलं. झाकणाखाली पाणी दाबात असतं, म्हणून शंभर अंशांच्या वर जाऊनही ते उकळत नाही. झाकण सैल झालं की दाब जातो, त्या क्षणी पाण्याची वाफ होते आणि ते उसळतं. अब्बांचा हात कोपरापर्यंत भाजला. दीड महिना टॅक्सी उभी होती. घर अम्मीच्या शिलाई मशीनवर चाललं.

१९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली. तिच्यात इंजिन आडवं बसवलेलं. बेल्टची बाजू चाकाकडे गेली, मग पुढच्या रेडिएटरमागे बेल्टने पंखा फिरवणार कसा? पंखा विजेवर आला. पाणी साधारण ९५ अंशांच्या आसपास तापलं की सेन्सर सांगतो, रिले विजेला वाट देतो, पंखा फिरतो. गरज नसेल तेव्हा थांबतो, पेट्रोल वाचतं. फायदा खराच. पण हा पंखा बंद पडला, तर चार्जिंगचा दिवा लागत नाही. बेल्ट शाबूत, पाण्याचा पंप चालू. मोकळ्या रस्त्यावर वारा पंख्याचं काम करतो आणि दुखणं झाकून ठेवतो. ते उघडं पडतं वाहतुकीच्या कोंडीत.

म्हणून लक्षणं ओळखावीत. धावताना काटा ठीक, उभं राहिल्यावर चढतो. एसी धावताना गार, उभ्या गाडीत कोमट. असं झालं तर संशय आधी पंख्यावर घ्यावा. काटा नुसता चढू लागला असेल तर एसी बंद करून हीटर पूर्ण सोडावा. तो इंजिनातलीच उष्णता ओढतो. वाफ दिसली की मात्र गाडी बंद करावी आणि पूर्ण निवेपर्यंत झाकणाला हात लावू नये.

तासाभराने मेकॅनिक आला. त्याने पंख्याला थेट बॅटरीची तार लावली, पंखा फिरला. म्हणजे मोटर चांगली. फ्यूज बघितला, रिले बदलून बघितला. शेवटी पंख्याचा प्लग उघडला, तर पिनांवर हिरवा गंज. राजोडीची खारी हवा घरातल्या कड्या-कोयंड्यांना सोडत नाही, ती या बोटभर प्लगला कशी सोडणार? पॉलिश पेपरने पिना घासल्या, पाणी भरलं, पंखा घरघरला. अम्मीची तपासणी दुसऱ्या दिवशी झाली.

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून गेली. आजच्या कित्येक गाड्यांत तर उष्णतेचा काटाही नसतो, फक्त दिवा. काटा चढताना सांगतो. लाल दिवा बहुधा चढून झाल्यावर. मधलं अंतर आपल्या कानांनीच भरायचं.

सिग्नलला गाडी थांबली की मी अजून बॉनेटकडे कान देतो. मागून अम्मी विचारते, "फिरला का?" घरघर ऐकू आली की मी म्हणतो, "फिरला." मग ती पुन्हा सीटला टेकून बसते.